फार धीर देणाऱ्या ताई

व्यसनमुक्ती केंद्रात ताईंची ख्याती अशी, की समोरच्याच्या ओठावर वाक्य यायच्या आधी त्या ते पुरं करून देत. सोळा वर्षं त्यांनी समुपदेशकाची खुर्ची गाजवली. माणसं रडत आत जायची आणि डोळे पुसून बाहेर यायची. घरी मात्र नवरा म्हणे, "तुझ्याशी भांडण्यात मजा नाही. दोन्ही बाजू तूच मांडतेस, मी नुसता चहा टाकायचा."

वर्षापूर्वी ताईंना सुपरव्हायझर केलं. म्हणजे पेशंट दुसऱ्यांनी पाहायचे आणि त्या दुसऱ्यांना ताईंनी घडवायचं. ताईंनी पेशंट सोडले खरे, पण सुंभ जळला तरी पीळ जाईना. त्यांच्या हाताखालच्या मुलीला रुजू होऊन आठ महिने झाले तरी सगळे तिला 'नवी'च म्हणत, आणि त्याचं बरंचसं श्रेय ताईंना होतं. तिनं तोंड उघडायचा अवकाश, ताईंचं उत्तर तयार.

तीन आठवड्यांपूर्वी तर कहर झाला. लिफ्ट दुरुस्त करणारा एक पेशंट होता. दोन वर्षं ताईंकडे आला, दारू सुटली, आणि पुढे नवीकडे सोपवला गेला. त्याचं सेशन बघायला ताई कोपऱ्यात बसल्या आणि न राहवून मध्येच एक वाक्य बोलल्या. वाक्य चांगलंच होतं, तेच वाईट झालं. लिफ्टवाल्यानं खुर्ची सरळ ताईंकडे वळवली आणि उरलेला अर्धा तास नवी वहीत रेघोट्या ओढत बसली. दुसऱ्या दिवशी तिनं केंद्राच्या साहेबांकडे अर्ज दिला, सुपरव्हायझर बदला नाहीतर मी चालले. साहेबांनी दोघींना समोर बसवलं आणि एकदा शेवटचं करून पाहा म्हणाले. अट नवीनं घातली. ताईंनी कोपऱ्यात बसावं, पण कुणाच्या जिवाशी गाठ असल्याशिवाय चकार शब्द काढू नये.

"एवढंच ना?" नवीचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच ताई म्हणाल्या.

आज ताई कोपऱ्यात मूग गिळून बसल्या होत्या. पाय हलत होता, तो त्यांनी दुसऱ्या पायाखाली दाबला. मग बोटं चुळबुळायला लागली. लिफ्टवाला कामाचं बोलत होता, बहिणीचं बोलत होता, आणि बोलता बोलता सहज म्हणाला, "पान्या-पकडींची पेटी दिली कामावरच्या जोडीदाराला. वीस वर्षांची आहे. त्यालाच राहू दे म्हटलं."

ताईंनी कान टवकारले. कारागीर माणूस जेवण सोडील, पण हत्यारं कुणाला देणार नाही. जपलेली वस्तू देऊन टाकणारा माणूस कुठे निघालाय, हे विचारायलाच हवं. हे त्यांनीच नवीला शिकवलं होतं.

नवी म्हणाली, "झोप कशी लागते हल्ली?"

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. झोप? अगं, झोप कसली विचारतेस! पण हे सगळं मनात. जिवाशी गाठ आहे की नाही? पेटी जुनी झाली असेल, दुसरी घ्यायची असेल. आपण बोललो आणि तसंच निघालं, तर ही पोरगी आजच जाईल. नाही बोललो आणि हा माणूस गेला तर? भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं उरली होती. शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत थांबायचं, तोवर नवीनं विचारलं नाही तर बोलायचं, मग अर्ज गेला खड्ड्यात, असं त्यांनी ठरवलं. आयुष्यात इतकी लांब दहा मिनिटं त्यांनी पाहिली नव्हती. झोपेवरून गाडी भुकेवर गेली, भुकेवरून बहिणीच्या स्वयंपाकावर.

अकरा मिनिटं उरली. ताईंनी बोलायला श्वास घेतला.

"पेटी दिली म्हणालात ना मघाशी," नवी म्हणाली, "ते ऐकून मी घाबरले, म्हणून झोपेचं विचारलं. आता सरळ विचारते. जीव द्यायचं मनात आहे का तुमच्या?"

नवीनं सावरून घेतलं नाही, हसली नाही, पाण्याचा ग्लासही पुढे केला नाही. ताईंनी श्वास तसाच धरून ठेवला.

"आहे," लिफ्टवाला म्हणाला. "गेल्या मंगळवारी तर नक्की केलं होतं. चांगली हत्यारं, वाया कशाला घालवायची, म्हणून आधी पेटी दिली."

"आणि त्याआधी?"

"आधीही यायचं मनात. दारू सुटली तेव्हापासून." त्यानं कोपऱ्याकडे पाहिलं. रागानं नाही, ओशाळल्यासारखं. "ताईंना नाही सांगितलं कधी. ताई फार धीर द्यायच्या. मी काही बोलायच्या आत म्हणायच्या, तुम्ही खंबीर आहात, तुम्ही असलं काही करणार नाही. एवढं चांगलं बोलणाऱ्या माणसाला कसं सांगायचं, ताई?"

ताईंच्या ओठावर खुलासे रांगेनं आले, माफी आली, एक फार छान वाक्यही आलं. त्यांनी नुसती मान हलवली.

पुढचं सगळं नवीनं केलं. सेशन लांबवलं. त्याच्याकडूनच बहिणीला फोन लावून घेतला, डॉक्टरांना कळवलं, आजची रात्र तो कुणाकडे राहील ते पक्कं केलं. बहीण येऊन त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली, तेव्हा जाताना तो नवीला म्हणाला, "उद्या येतो, मॅडम." ताईंकडे त्याचं लक्षही गेलं नाही. आपल्याकडे बघितलं नाही याचं ताईंना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची लाज वाटली.

दुपारी ठरल्या वेळी नवी ताईंच्या खोलीत आली. वही उघडून, मान खाली घालून बसली. ताई काय सांगतील ते लिहून घ्यायची तिची सवय.

दोन वर्षं एक माणूस मरण मनात घेऊन आपल्यासमोर बसला, आणि आपण त्याला धीर देत राहिलो. ही पोरगीही आठ महिने अशीच बसते आहे. 'शाब्बास' हा शब्द ताईंच्या अगदी ओठावर होता. त्यांनी तो गिळला.

"तुला मला काय सांगता येत नाही?" त्यांनी विचारलं, आणि त्या गप्प बसल्या.

नवीनं वर पाहिलं. ताईंचा पाय पुन्हा हलू लागला होता. त्यांनी तो हलू दिला.

"तुम्हाला घरी जायची घाई आहे का आज?" नवीनं विचारलं.

"नाही."

नवीनं वही मिटली, आणि उठून दार लावून घेतलं.