शेजाऱ्याचा डोळा आणि सहा स्पार्क प्लग

कुझ्मानबाबाच्या अंगणात शनिवारी सकाळी गाड्यांची रांग लागली की ती थेट ब्रेडच्या भट्टीपर्यंत जायची. रांगेत साध्या गाड्या नसत. साधी गाडी बिघडली तर बुकोवेन गावचा माणूस तिला लाथ घालतो आणि मेकॅनिककडे नेतो. बाबाकडे यायच्या त्या जर्मनीहून आणलेल्या, डोंगराएवढ्या, कातडी सीटांच्या गाड्या. जर्मनीची गाडी बिघडत नाही, तिला दृष्ट लागते, असा गावाचा सिद्धांत होता. त्या आधी कोणाच्या होत्या असं विचारलं तर उत्तरही ठरलेलं असे: एका म्हाताऱ्या डॉक्टरच्या, तो फक्त रविवारी चर्चला जायचा. जर्मनीत एवढे भाविक म्हातारे डॉक्टर असतील याची जर्मनांनाही कल्पना नसावी.

त्या शनिवारी वेलिच्कोच्या काळ्या गाडीचा नंबर होता. आरशाला दृष्ट लागू नये म्हणून लाल दोरा आधीपासून बांधलेला होताच. वेलिच्कोची थोरली बहीण नेव्याना, शाळेतून निवृत्त झालेल्या भौतिकशास्त्राच्या बाई, भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या आल्या होत्या भाचीसाठी. वेलिच्कोची लेक कालिना मागच्या सीटवर पोट धरून बसली होती. नववा महिना सुरू होता. नवरा हॅम्बुर्गला बांधकामावर, आणि गावातला प्रसूती विभाग कधीच बंद झालेला. बाळंतपणाचा दवाखाना होता खिंडीपलीकडे, आणि खिंड ओलांडून नेणार होती ती हीच गाडी. ती चढावर आठवडाभर आचके देत होती.

कुझ्मानबाबा बाहेर आला. काळा झगा, छातीवर क्रूस. त्याला कुठल्याही मठाने दीक्षा दिलेली नव्हती. गाड्या धुण्याचं दुकान बुडाल्यावर त्याने झगा स्वतःच शिवून घेतला होता. पाण्याची हौस मात्र सुटली नव्हती.

"वेलिच्को," बाबा डोळे मिटून म्हणाला, "तुझ्या गाडीकडे बघणारी एक बाल्कनी आहे."

"आहे बाबा!" वेलिच्को ओरडला. "समोरच्या मेतोदीची!"

गर्दीत उसासा उठला. बुकोवेनमध्ये सगळेच चार मजली इमारतींत राहतात. बाल्कनी दिसत नाही अशी गाडी उभी करायची तर ती नदीतच करावी लागेल.

बाबाचा मदतनीस रुमेन चालकाच्या जागी बसला आणि त्याने इंजिन सुरू केलं. इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण निघालं. बाबाने तुळशीची जुडी तांब्याच्या घागरीत बुडवली आणि पाणी शिंपडलं. मग शिंपडणं बाजूला ठेवून सरळ ओतलं.

"बाहेर नीघ, शेजाऱ्याच्या डोळ्या! बाहेर नीघ, मेतोदीच्या हेव्या!"

गाडी थरथरायला लागली. साधी नाही, ताप चढल्यासारखी. स्टिअरिंगसमोरच्या काट्यांमधला बिघाडाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला.

"विव्हळतोय! ऐका, विव्हळतोय!" बायकांनी छातीवर क्रूस काढले. मेतोदी गर्दीतच होता, तोही घाबरून क्रूस काढत होता.

बाबाने मंत्र लांबवले. इंजिन सुरूच होतं. झाकणाखालून वाफ निघाली. "हा बघा, निघाला!" हळूहळू थरथर कमी झाली, मग थांबली. दिवाही विझला, आणि स्टिअरिंगखाली वाकलेला रुमेन बाही सारखी करत सरळ बसला. लोक रडले. वेलिच्कोने बाबाचा हात चुंबला.

घरी परतताना नेव्यानाबाई म्हणाल्या, "वेलिच्को, प्लग बदल."

"कसले प्लग?"

"स्पार्क प्लग. ठिणगी पाडतात ते. झिजले असतील, म्हणून चढावर दम लागतो. शाळेत शिकवलं होतं तुला, तू खिडकीबाहेर बघत होतास."

"ताई, अगं गाडी नव्यासारखी आहे. काट्यावर ऐंशी हजार किलोमीटर. एवढ्यात कुठे झिजतात?"

"मग उघडून बघायला काय हरकत आहे?"

"नाही उघडायची!" तो एवढ्या जोरात म्हणाला की मागे कालिना दचकली. "आपल्या गाडीचं पोट गावासमोर फाडत नसतात. झालीय ती बरी. दिवा विझलेला दिसत नाही का तुला?"

"निदान कालिनाला आताच पलीकडे नेऊन ठेव. तिथे माझी मैत्रीण आहे."

"आत्या," कालिना हसून म्हणाली, "माझे बाबा नेतील गं. गाडी आता किती गुळगुळीत चालतेय बघ."

गाडी खरंच गुळगुळीत चालत होती. रस्ता सपाट होता.

कळा सुरू झाल्या मंगळवारी दुपारी. नेव्यानाबाई मागे कालिनाचा हात धरून बसल्या. खिंडीचा चढ लागला आणि गाडीने पहिला आचका दिला. पिवळा दिवा पुन्हा उघडझाप करू लागला. वेलिच्कोने ॲक्सिलरेटर दाबला तसे आचके वाढले. मग खालून जळका वास आला आणि वरच्या वळणावर गाडी बंद पडली. वेलिच्को खाली उतरला. झाकण उघडेल असं बाईंना वाटलं. त्याने खिशातून बाबाच्या पाण्याची बाटली काढली आणि ते पाणी बॉनेटवर शिंपडलं.

"वेलिच्को!" बाई ओरडल्या. "एखादा ट्रक थांबव!"

लाकडं वाहणारा एक ट्रक बऱ्याच वेळाने आला. त्याच्या केबिनमध्ये कालिनाला चढवलं. ती दवाखान्यात पोहोचली, बाळ जन्मलंही. रडलं मात्र नाही. नाळ गळ्याभोवती होती. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि विचारलं, "जरा आधी का नाही आणलंत?" वेलिच्को टोपी चुरगाळत उभा होता.

खिंडीपलीकडच्या गॅरेजात गाडीचे सहाही प्लग बदलायला काढले. ज्या टोकांमध्ये ठिणगी पडते ती टोकं झिजून गोटा झाली होती. मेकॅनिक वेलिच्कोला म्हणाला, "ऐंशी हजार? साहेब, हे प्लग त्याच्या तिप्पट धावलेत. काटा कोणीतरी मागे फिरवलाय." वेलिच्कोला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. नेव्यानाबाईंनी ते पाहिलं.

महिन्याभराने, शनिवारी, काळी गाडी पुन्हा बाबाच्या रांगेत उभी राहिली. आत वेलिच्को, मागे कालिना, आणि पुढे त्याच्या शेजारी नेव्यानाबाई. बाईंच्या हातात लिंबू सरबताची जुनी बाटली, तीत चौकातल्या नळाचं पाणी.

"या बाळांनो," बाबा म्हणाला. "दुःख कळलं. डोळा फार बलवान होता."

"हो ना," बाई म्हणाल्या. "म्हणून आज मीच दृष्ट उतरवते. गाडी माझ्या भावाची आहे, बाबा. तुम्ही बसा."

त्यांचे निम्मे विद्यार्थी गर्दीत होते. बाई बोलू लागल्या की गप्प बसायची सवय अजून मोडली नव्हती. त्यांनी झाकण काढलं आणि नळाचं पाणी ओतलं. प्लग ज्या खोलगट भोकांत बसतात, तिथे ओतलं. वेलिच्कोने इंजिन सुरू केलं. गाडी थरथरली.

"सात एके सात," बाईंनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. "सात दुणे चौदा..."

वाफ निघू लागली. पाढा संपला, तो पुन्हा सुरू झाला. बऱ्याच आवृत्त्यांनंतर थरथर थांबली.

"पाण्यामुळे ठिणगी भलतीकडे उडी मारते, म्हणून गाडी कापते. इंजिन तापलं की पाणी उडून जातं. म्हणून बरी होते. आजार बाबांनीच दिला आणि बाबांनीच काढला. मूळ दुखणं आत तसंच राहिलं." बाईंनी काट्यांकडे बोट दाखवलं. "पण माझा दिवा विझला नाही. तुमचा कसा विझतो, बाबा?"

बाबा म्हणाला, "श्रद्धा नाही म्हणून!"

"रुमेन," बाईंनी मागे न बघता हाक मारली, "बाहीत काय आहे? दे इकडे."

रुमेन आठवीला त्यांच्या वर्गात होता. त्याने मुकाट्याने काडेपेटीएवढी एक वस्तू दिली. बाईंनी ती स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवली, बटण दाबलं. दिवा विझला.

"हे गाडीची तक्रार पुसायचं यंत्र आहे. दुखणं पुसत नाही, तक्रार पुसतं. चढ लागला की ती परत येते. आमची खिंडीत आली."

बाबा झगा सावरत घरात गेला आणि आतून कडी लावली. मग एक म्हातारी पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमच्या हाताला गुण आहे हो. माझ्या मुलाच्या गाडीवर म्हणाल का तो सातचा पाढा?"

नेव्यानाबाईंनी कपाळाला हात लावला.

बोलला तो वेलिच्को. इंजिन बंद करून तो खाली उतरला. गॅरेजातून आणलेला, मुठीतला झिजलेला प्लग त्याने उघड्या इंजिनावर ठेवला.

"काटा मागे फिरवलाय हे मला गाडी घेतानाच माहीत होतं," तो म्हणाला. "तुमच्यातल्या निम्म्यांना आपापल्या गाडीचं माहीत आहे. झाकण उघडलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. मेतोदीला कळलं असतं. म्हणून मी दृष्ट काढली." "मेतोदीने काही केलं नाही. मी केलं."

कालिना उतरली नव्हती. ती मागून पुढे वाकली, आरशाचा लाल दोरा तोडला आणि खिडकीतून बाहेर टाकला. वडिलांकडे बघितलं नाही.

म्हातारी अजून उत्तराची वाट बघत उभी होती. बाईंनी तिचा हात हातात घेतला.

"पाढ्याने काही होत नाही, आजी. देवाकडे मागायचं ते मागा, मी कोण नको म्हणणारी. पण आधी मुलाला सांगा, झाकण उघड. आत जे दिसेल ते दिसू दे. लोक हसतील. हसू द्या."