पूर्ण व्होल्टेजला

खोलीएवढा मोठा ट्रान्सफॉर्मर चाचणीच्या शेडमध्ये घुमत होता. त्यावर कसलाच भार नव्हता, पण नुसता चालू राहायलाही तो थोडी वीज खातोच. ती किती, हे पूर्ण व्होल्टेजला डिजिटल वॉटमीटरवर मोजणं हे मॅनेजरच्या भाचीचं काम. आज आकडा करारातल्या मर्यादेच्या वर जात होता. तिनं जोडण्या तपासल्या, दुसरा मीटर लावून पाहिला. आकडा हटेना. शेवटी तिनं मॅनेजरला बोलावलं.

मॅनेजर म्हणजे तिचा सख्खा मामा. आईवडिलांच्या मागे त्यानंच तिला वाढवलं, शिकवलं, इथं चिकटवलं. गिऱ्हाइकाचे इन्स्पेक्टर चहाला गेलेत हे पाहून तो हळूच म्हणाला, "व्होल्टेज किंचित खाली घे. आकडा आपोआप मर्यादेत येईल. त्यांच्या लक्षातसुद्धा यायचं नाही."

"माझ्या येईल ना, साहेब." कारखान्यात ती त्याला साहेबच म्हणायची.

"फार शहाणी झालीस! सांगतो तेवढं कर."

इन्स्पेक्टर परतले. मामानं डोळ्यांनी खुणावलं. पण भाचीनं व्होल्टेज तसूभर हलवलं नाही. अख्ख्या शेडला ऐकू जाईल असा आकडा वाचला आणि म्हणाली, "मर्यादेबाहेर. हा पास होत नाही."

मामाचा चेहरा खर्रकन उतरला.

"उद्यापासून तू गोदामात," त्यानं फर्मावलं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर ही मीटरपुढेच ठाण मांडून बसलेली. "का हलवताय ते सगळ्यांसमोर सांगा, लगेच उठते."

मामा पाय आपटत निघून गेला.

घरी अबोला. जेवताना तो मामीला म्हणाला, "तुझ्या लाडकीनं माझं नाक कापलं."

"मीटर खोटं बोलत होता का?" मामीनं विचारलं.

"नाही."

"मग मुकाट जेवा."

ट्रान्सफॉर्मर उघडला, तेव्हा आतल्या गाभ्यात पोलादी पत्र्यांच्या सांध्यांना फटी निघाल्या. कुणीतरी घाईत उरकलं होतं. पत्रे नीट बसवून तो पुन्हा चाचणीला आला. पूर्ण व्होल्टेजला आकडा मर्यादेत आला.

"पुढच्या वेळीही असंच ओरडून सांगणार?" मामानं विचारलं.

"आकडा चढला तर, हो."

"निदान मला आधी..."

"आधी तुम्हालाच बोलावलं होतं, मामा."

मामानं मीटरवरचा आकडा एकदा पाहिला, आणि इन्स्पेक्टरांना बोलवायला स्वतःच गेला.