क्रमांक एकचा दगड

शनिवारी सकाळी साडेदहा वाजता, खनिज-परीक्षण केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावरील चौथ्या खोलीत, मुठीत मावेल एवढा एक हिरवा दगड तपासणीसाठी मांडण्यात आला. त्या वेळी तीन माणसे हजर होती: केंद्राच्या परीक्षक बाई, दगड घेऊन आलेली, महिन्यापूर्वीच नवरा गमावलेली एक स्त्री, आणि तिचा धाकटा दीर, जो चौतीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक होता आणि निवृत्तीनंतर नेफ्राइट जेड या मौल्यवान, चिवट दगडाचा संग्राहक झाला होता. दगड त्या स्त्रीच्या नवऱ्याने आपल्या हातांनी घासून घडवला होता. तो अस्सल नेफ्राइट आहे की नाही, एवढाच प्रश्न होता.

जिना चढताना दिराच्या मनात जी इच्छा होती, ती त्याने कुणापाशीही कबूल केली नसती. दगड खोटा निघावा, असे त्याला वाटत होते. खोटा निघाला, तर भावाशी धरलेला चार वर्षांचा अबोला रास्त ठरत होता. खरा निघाला, तर क्षमा मागणे भाग होते, आणि ज्याच्यापाशी मागायची तो माणूस उरला नव्हता.

चार वर्षांपूर्वी, दिराच्या निवृत्तीच्या दिवशी दुपारी, त्याच्या बैठकीच्या खोलीत छापखान्यातले पाच-सहा सहकारी जमले होते. थोरला भाऊ उशिरा आला. तो व्यवसायाने दगड कापणारा आणि घासणारा. नखांच्या कडांत राखाडी गाळ कायमचा बसलेला, आणि चाकापाशी उभे राहून राहून एक खांदा उतरलेला. त्याने रुमालाची गाठ सोडून दगड टेबलावर ठेवला.

"घे पंडित," तो म्हणाला. धाकट्याला तो लहानपणापासून याच नावाने हाक मारी. "तुझ्या कपाटातला पहिला दगड. नदीचा गोटा आहे. कापायला तीन दिवस लागले. करवत रडली, पण हा पठ्ठ्या हूं की चूं करेना."

एका बाजूला गोट्याची तांबूस साल मुद्दाम राखली होती. बाकीचा भाग असा घासला होता, की जणू कुणी नुकताच तेलाचा हात फिरवला असावा.

"दादा, खरा आहे ना?" धाकटा म्हणाला.

"नाही, भाजीबाजारातून आणला. अरे, चार महिने पुस्तकं चघळतोयस, तूच सांग की!"

सगळे हसले. धाकटाही हसला, पण पाच-सहा माणसांसमोर आपली विद्या दाखवण्याची संधी त्याच्याने सोडवली नाही.

वास्तविक, नवशिक्याने नेफ्राइट कसा पारखावा याचे नियम त्याने स्वतःच्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले होते. दगड प्रथम हातात धरावा. तो गार लागतो आणि आपला गारवा लवकर सोडत नाही. आकाराच्या मानाने तो जड भरतो. चमक काचेसारखी लखलखीत नसते, स्निग्ध असते. भिंगातून पाहिल्यास, दाबून केलेल्या नमद्यात लोकर गुंतलेली असते तसे बारीक तंतू दिसतात. बुडबुडे दिसले, तर ती काच समजावी. मग तो हवेत आणि पाण्यात तोलून घनता काढावी. चाकू अगदी शेवटी, तोही न दिसणाऱ्या जागी. कारण पोलाद अस्सल नेफ्राइटवर ओरखडा उठवू शकत नाही, सर्पेंटाइनसारख्या मऊ दगडावर मात्र सहज उठवते. आणि या सर्वांच्या खाली, लाल शाईने अधोरेखित: कोणत्याही एका चाचणीवरून निकाल देऊ नये.

त्या दुपारी त्याने चाकू पहिल्यांदा काढला. दर्शनी भागावर तो दाबून ओढला, आणि दगडावर बोटभर लांबीची करडी रेघ उमटली.

खोलीतले हसणे थांबले.

"दादा," धाकटा म्हणाला, "तुला कुणीतरी फसवलं आहे. किंवा..."

"किंवा काय?"

चौतीस वर्षे ज्याने दुसऱ्याचे एकही वाक्य अपुरे छापू दिले नव्हते, त्याला स्वतःचे अपुरे सोडता आले नाही. "किंवा तू मला."

थोरल्याने रेघेकडे पाहिले, मग भावाकडे. काही सांगावे असे त्याच्या ओठांवर आले होते, हे धाकट्याला पुढे पुष्कळदा आठवले. पण त्याने दगड तसाच रुमालात बांधला.

"तुझ्या नजरेतून चूक सुटत नाही म्हणतात," तो म्हणाला. "बरं तर." आणि तो गेला.

त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. धाकट्याने बत्तीस दगड जमवले. कापूस घातलेल्या खणांत ते मांडले, प्रत्येकाखाली चिठ्ठी लावली. पण मोजणी क्रमांक दोनपासून केली. क्रमांक एकचा खण चिठ्ठीसह रिकामा राहिला. हा तत्त्वाचा प्रश्न आहे, असे तो स्वतःला बजावीत असे.

थोरला गेल्यानंतर कार्यशाळा आवरताना वहिनींना पत्र्याची एक डबी सापडली. ती घेऊन त्या आपण होऊन दिराकडे आल्या. "हे म्हणाले होते, तो मागेल तेव्हा दे, आणि तोवर याला पाणी लावू नकोस. तुम्ही काही मागितला नाहीत, भावोजी. पण मला कळायला हवं. चला माझ्याबरोबर."

परीक्षक बाईंनी दगड तळहातावर घेतला आणि डोळे मिटून काही क्षण तसाच धरला. मग त्या भिंगाखाली वाकल्या.

"साल राखलीय. कारागीर समंजस दिसतो."

"होता," वहिनी म्हणाल्या.

"घासणं तर फारच सुरेख. याच्यावर अशी झिलई चढवायची म्हणजे कस लागतो. घाई केली, की संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पृष्ठभाग येतो." बाईंनी दिराकडे पाहिले. "आणि ही रेघ?"

"मी चाकूने परीक्षा घेतली होती," दीर म्हणाला. "ओरखडा स्पष्ट उठला. आता तर तो तपकिरीही पडला आहे. दगड आतून कुजत असावा. मऊ दगडाचं ते लक्षण आहे, असा माझा तर्क आहे."

"तर्क," बाई म्हणाल्या, आणि दगड तराजूत ठेवला. हवेत वजन अठ्ठ्याऐंशी पूर्णांक पाच ग्रॅम भरले. मग त्यांनी दगडाला बारीक तार गुंडाळली आणि पाण्याचे चंचुपात्र पुढे ओढले.

"पाणी नको!" वहिनी खुर्चीतून उठल्या. "त्यांनी बजावलं होतं."

"वहिनी, पाण्याने काही बिघडत नाही. हे शास्त्र आहे."

"तुमच्या शास्त्रानं जे व्हायचं ते होऊन गेलंय, भावोजी."

बाई तार धरून थांबल्या. "पाण्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही हो. नको असेल, तर इथेच थांबवते."

वहिनींनी रिकाम्या डबीचे झाकण दोनदा उघडले, दोनदा लावले. मग त्या बसल्या. "करा."

पाण्यात वजन अठ्ठावन्न पूर्णांक पाच भरले. दिराने मनातल्या मनात हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागले. घनता दोन पूर्णांक पंच्याण्णव. सर्पेंटाइन कितीही ताणला तरी इथवर येत नाही, हे त्याच्याच वहीत लिहिलेले होते. त्याने आकडा पुन्हा मांडला. उत्तर तेच आले.

"पण रेघ..." तो म्हणाला.

ओल्या कापडाची घडी अंगठ्यावर घेऊन बाईंनी रेघेवर चार वेळा जोर देऊन फिरवली. कापडावर तांबूस डाग उतरला. दगडावर रेघ नव्हती. भिंगाखालीही नव्हती.

"दगडाला गंज कधीपासून चढायला लागला?" त्या म्हणाल्या, स्वर कठोर नव्हता. "नवशिके हमखास फसतात. दगड चाकूपेक्षा कठीण असला, की चाकूच झिजतो आणि त्याचं लोखंड दगडावर उमटतं. पुसून बघायचं असतं. कुठल्याही घासणाऱ्या कारागिराला हे ठाऊक असतं."

त्या दुपारी भावाच्या ओठांवर जे आले होते, ते एवढेच होते: पुसून बघ. आणि पुढची चार वर्षे त्याने ती रेघ पाण्यापासून जपली होती. ज्याने ओढली, त्यानेच येऊन पुसावी म्हणून.

"मी एकदा विचारलं होतं त्यांना," वहिनी दगडाकडे पाहत म्हणाल्या. "म्हटलं, अहो, खरा आहे ना हो? माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग हिरवा दगड कधी चाकावर धरलाच नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, दुसरीकडे जा."

परीक्षक बाईंनी कागदावर निकाल लिहिला, शिक्का मारला आणि मोठ्याने वाचला: "नेफ्राइट. नैसर्गिक. रंग चढवलेला नाही. पृष्ठभाग निर्दोष."

दिराने हात पुढे केला; कागदासाठी की दगडासाठी, हे त्यालाही सांगता आले नसते. "वहिनी, क्रमांक एकचा खण मी अजून रिकामा ठेवला आहे."

वहिनींनी दगड पदराने कोरडा केला आणि डबीत ठेवला. झाकण लागल्याचा आवाज झाला.

"तो रिकामाच राहू द्या, भावोजी."