तीन नावांचा दगड

मी एक दगड बोलतोय. तांबूस वालुकाश्माचा, जर्मनीत एर्लांगेनजवळच्या एका लहान गावच्या दफनभूमीत उभा. दगडाला वाटतं तरी काय, असं विचाराल तर फारसं काही नाही. पण दिसतं, ऐकू येतं, आणि ते आत राहतं.

मला खाणीतून काढवून घेतलं थिओडोर आयश्लरनं. दीडशे वर्षं होत आली त्याला. बाजारचौकात त्याचं औषधाचं दुकान होतं. गावाच्या खोकल्यातापावर तोच चूर्णं कुटायचा, गोळ्या वळायचा. त्याचा एकुलता मुलगा घटसर्पानं गेला. दुकानातलं एकही औषध लागू पडलं नाही. त्याच हिवाळ्यात त्याच्या बायकोनं, ओटिलीनं, स्वतःचा जीव संपवला.

अशा बाईला चर्चच्या आवारात जागा नाही, असं पाद्री म्हणाला. घंटा न वाजवता तिला भिंतीबाहेर झुडपांत पुरलं. दुसऱ्या दिवशी थिओडोर दुकान उघडून बसला. लोक म्हणाले, याला काहीच वाटत नाही. खरंच वाटत नव्हतं. पुढे माझ्यापाशी बसून तो ओटिलीला सांगायचा, "गोळ्या वळताना माझे हात मला दुसऱ्या कुणाचे वाटायचे गं."

मग तो नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला. मागणी एकच. गावाची स्वतःची दफनभूमी हवी, तिला एकच फाटक हवं, आणि मेलेल्याला कुणी धर्म विचारायचा नाही, कसा मेलास तेही विचारायचं नाही. गाव हसलं. गिऱ्हाइकं शेजारच्या गावाहून औषधं आणायला लागली. दोनदा पडला, तिसऱ्यांदा निवडून आला. सभेत बिअरच्या भट्टीवाल्यानं त्याला टोमणा मारला, "उद्या कुणी तुर्क आला तर त्यालाही जागा देणार का?"

"मेलेला असेल तर देणार," थिओडोर म्हणाला आणि खाली बसला.

जागा मिळाली. पहिली आली ओटिली, भिंतीबाहेरून उचलून. तिच्या उशाशी मी. दर रविवारी तो यायचा, टोपी गुडघ्यावर ठेवून बोलायचा. म्हातारा होऊन गेला तेव्हा तिच्या नावाखाली त्याचं नाव कोरलं. मागे कुणी नव्हतं. त्यानंतर माझ्यावर शेवाळ आलं, एवढंच.

इथे दर वसंतात एक कर्मचारी प्रत्येक दगड ढकलून बघतो. २०१४ साली मी हललो. त्यानं माझ्यावर पिवळी चिठ्ठी चिकटवली: धोकादायक. म्हणजे आता फोडून खडी. मला भीती वाटली नाही. फक्त, जुना दगड कुणी 'पाटेनशाफ्ट'वर घेतला, म्हणजे दत्तकच म्हणा, तर तो वाचतो. दुरुस्ती घेणाऱ्यानं करायची आणि पायथ्याची जागा त्याच्या माणसांसाठी.

पुढच्या शरदात वीणा आली. सोबत तिची पंधरा वर्षांची मुलगी अन्वी. वीणाचा नवरा नागेश इथे वैद्यकीय यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर होता; ऑफिसच्या जिन्यातच हृदय थांबलं. वीणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दफनभूमीच्या कार्यालयातल्या बाई समजावत होत्या आणि ती नुसतं जर्मनमधलं "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत मान हलवत होती. बाईंनी थिओडोरची कहाणी सांगितली तेव्हा मात्र तिनं ती पुन्हा सांगायला लावली.

मग माझ्यासमोर उभं राहून तिनं कराडला सासूबाईंना स्पीकरवर फोन लावला.

"माझ्या लेकाच्या अस्थी परक्या मातीत पुरणार तू?" यमुनाबाईंचा आवाज फुटला. "कृष्णामाई असताना?"

"आई, अन्वीला रोज शाळेतून येताना इथे थांबता येईल. कृष्णेवर ती कधी जाणार?"

"पापा ब्लाइब्ट हिअर," अन्वी मध्येच म्हणाली.

"काय म्हणतेय ती?"

"बाबा इथेच राहणार म्हणतेय."

यमुनाबाई म्हणाल्या, "तिला मराठीत म्हणायला सांग."

अन्वीनं फोन हातात घेतला. "आजी, बाबा इथे राहू दे. प्लीज." आणि ती रडली. वीणा नाही रडली. ती माझ्यावरचं शेवाळ नखानं खरवडत राहिली.

नागेशचा अस्थिकलश माझ्या पायथ्याशी ठेवला. उन्हाळ्यात यमुनाबाई आल्या. माझ्यावर तळवा ठेवून त्यांनी विचारलं, "हे वरचे कोण गं?"

"औषधवाले होते, आई. नगरपालिकेत होते. आणि त्या त्यांच्या मिसेस."

म्हातारी वाकली. "अहो," ती थिओडोरला म्हणाली, "त्याला गारठा सोसत नाही हो. लहानपणापासून नाही."

तेव्हा वीणा खाली बसली. पहिल्यांदाच हुंदका आला तिला. यमुनाबाईंनी शेजारी बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी बघत होतो. मला काही वाटलं का, ते मला आजही सांगता येत नाही.

आता मी नीट उभा आहे. तिसरं नाव अन्वीनं कागदावर मराठीत मोठं काढून दिलं आणि जर्मन पाथरवटानं ते रेघेला रेघ तसंच कोरलं. येणारेजाणारे थांबतात, वरची दोन नावं वाचतात. खालचं त्यांना वाचता येत नाही.

तुम्हाला येईल. कधी या बाजूला आलात तर फाटकातून सरळ आत या, आणि ते एकदा मोठ्यानं वाचा.