बापाचे डोळे

आमच्या बेटावर येणारा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो, पूर्वजांचे हे एवढाले दगडी पुतळे, हे मोआई घडवणारे लोक गेले कुठं? अहो, जातायत कुठं! आमच्या हांगा रोआ गावच्या बाजारात रताळी निवडतायत, चर्चमध्ये डुलक्या काढतायत, भावाभावांत धुसफुसतायत. त्यातलाच एक आमचा केरेमो.

केरेमोचा बाप वारला तेव्हा त्यानं ठरवलं, बापाचा मोआई करायचा, पूर्वजांनी केले तसा. जुन्या खाणीतल्या दगडाला हात लावायला बंदी, म्हणून आपल्याच रानातला एक भला मोठा धोंडा त्यानं जीपमागं बांधून अंगणात ओढत आणला, दहाजणांना हाताशी घेऊन उभा केला आणि घडवायला बसला. हात मात्र देवानं दिलेला. कपाळ, लांब नाक, मिटलेले ओठ, सगळं बापासारखं उतरायला लागलं.

आणि तेवढ्यात धाकटा भाऊ तावीता समुद्रापलीकडच्या सान्तियागो शहरातून परत आला.

आता खरं सांगायचं तर केरेमोला हा भाऊ कधीच सोसला नाही. शेवटच्या आजारपणात बापाला भरवलं केरेमोनं, न्हाऊ घातलं केरेमोनं, आणि बाप दाराकडे बघत विचारायचा, "तावीता आला का रे?" अगदी प्राण जाईपर्यंत तेच. ते शब्द केरेमोच्या काळजात रुतून बसले होते. तावीता आला तो बायकोला घेऊन, गिटार घेऊन, आणि सहा महिन्यांत त्यानं केरेमोच्या अंगणाला लागूनच, दगडी कुंपणापलीकडे, निळ्या पत्र्याचं घर उभं केलं. वर बायको पोटुशी. केरेमोच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पाळणा काही हलला नव्हता. तो निळा पत्रा दिसला तरी केरेमोच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. म्हणून त्यानं आपला दगड त्या घराकडे तोंड करून फिरवून घेतला. म्हणजे चेहरा घडवताना समोर फक्त बाप, आणि भावाच्या घराकडे आपली पाठ!

दगड पुरा झाला तेव्हा घरातली सगळ्यात थोरली बाई, नुआ पारापिना, बघायला आली. नुआ म्हणजे बापाची थोरली बहीण. तिचा शब्द खाली पडत नाही. तिनं दगडाच्या गालावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि म्हणाली, "रविवारी चर्च सुटलं की याला टेकाडावर उभा करू. तिथून दोन्ही घरं दिसतील त्याला. आणि डोळे बसवेल तावीता."

"तावीता?" केरेमोच्या हातून हातोडी सुटली. "नुआ, मी हाडं झिजवली, आणि डोळे त्यानं बसवायचे?"

"अंग तू केलंस. त्याला काहीतरी नको का? त्याचाही बाप आहे तो."

"मेला तेव्हा कुठं होता हा बापाचा लेक?"

"बाप गेला तरी तुझं हेच का रे? पुरे आता!" म्हातारी काठी आपटत निघून गेली.

आमच्याकडे डोळे नसलेला मोआई म्हणजे नुसता धोंडा. पांढऱ्या प्रवाळाचे, तांबड्या बुबुळांचे डोळे खोबणीत बसले की पूर्वज त्यात येतो, आणि ज्या घराकडे त्याचं तोंड असेल त्या घराची राखण करतो. त्या घरात मग लेकरं नांदतात, मासळी कमी पडत नाही. म्हणून आधी जागेवर उभा करायचा, मग डोळे. डोळे बसल्यावर त्याला फिरवत नाहीत. आणि डोळे काढणं म्हणजे बापाला हातानं मारणं.

हे केरेमोला ठाऊक नव्हतं का? शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण मत्सरानं माणूस आंधळा होतो तो असा. रविवारी सगळा गाव चर्चला गेला. केरेमो कंबर धरून घरीच राहिला. बायको गेल्याबरोबर उठला, घडवून ठेवलेले डोळे घेतले, दगडासमोर शिडी लावून चढला. "बाबा, आधी मला बघा," तो पुटपुटला. "एकदा तरी मला बघा!" आणि दोन्ही डोळे खोबणीत दाबून बसवले.

बाप बघायला लागला. केरेमोला हुंदका आला. आता कोण म्हणेल तावीता, तावीता!

"अगंबाई, भावजी!"

केरेमोनं मागं वळून पाहिलं. कुंपणापलीकडे ओसरीवर तावीताची बायको मोएरा पोटावर हात ठेवून उभी होती. चर्चपर्यंत चालवत नाही म्हणून मागं राहिलेली. तिच्या मागं निळा पत्रा. केरेमोनं दगडाकडे पाहिलं, मग त्या घराकडे, आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. बापाची नजर त्याला ओलांडून सरळ त्या घरावर गेली होती.

मोएरा रडतच ओरडली, "आमच्या घराकडे बघतायत हो! आमच्या बाळाकडे!"

चर्च सुटलं तशी माणसं धावली. टेकाडावर मेजवानीसाठी उमूच्या, तापल्या दगडांच्या खड्ड्यात मासळी आणि रताळी शिजत होती, तिकडे कुणी फिरकलंच नाही. नुआ पारापिना धापा टाकत आली. तिनं दगडाचे डोळे पाहिले, नजर कुठं जाते ते पाहिलं, आणि केरेमोकडे रोखून बघत विचारलं, "हे तू जाणूनबुजून केलंस?"

केरेमोची बायको त्याच्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं. बिचारीनं मान खाली घातली. चूक झाली म्हणावं, तर भावाचा मान चोरला हे कबूल करावं लागणार. ती निस्तरायची, तर बापाचे डोळे स्वतःच्या हातानं काढावे लागणार.

"हो," तो म्हणाला. "तावीतासाठीच केलं. त्याच्या घरी बाळ येतंय ना."

तावीतानं धावत येऊन त्याला घट्ट मिठी मारली. "दादा! आणि मी वेडा समजत होतो, तुला माझा राग आहे!"

त्या मिठीत केरेमो हमसाहमशी रडला. इतका, की बघणाऱ्यांनीही डोळ्याला पदर लावले आणि भावाची माया असावी तर अशी, असं एकमेकांना सांगितलं.