दोन्ही डावे

“दादा, हे दोन्ही डावे आहेत.”

मी मशीनवरून उठून कोटाचे पुढचे दोन भाग टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दादानं एक उचलून पाहिला, मग दुसरा. मग एक पालथा घातला. तसा तो उजवा होत होता खरा, पण कापडाची आतली, फिकी बाजू वर येत होती.

“शिवताना तूच उलटा धरला असशील.”

“अजून शिवलंच कुठे आहे मी?”

त्यानं दोन्ही भाग पुन्हा एकमेकांवर ठेवून पाहिले.

दादा आमच्या दुकानाचा मास्तर, म्हणजे कापणारा. मी त्याची धाकटी बहीण, शिवणारी. सव्वीस वर्षं हेच चाललं आहे. त्याची कात्री भिंतीवरच्या खिळ्याला, आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा दुकानाचा कायदा. एकदा मी त्या कात्रीनं कागद कापला होता, तर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

एरवी कापड दुहेरी घडी घालून कापतात, म्हणजे डावी-उजवी बाजू आपोआप निघते. हे कापड जेमतेम होतं, म्हणून त्यानं एकेरी पसरून कापलं. तसं कापताना दुसऱ्या खेपेला नमुन्याचा कागद पालथा घालायचा असतो. शिकाऊ माणसाला पहिल्या आठवड्यात हेच सांगतात. दादानंच किती जणांना सांगितलं होतं!

कोट मुख्याध्यापिकाबाईंचा होता. शनिवारी त्यांचा निरोपसमारंभ. कापड त्यांच्या आईनं कधीकाळी घेऊन ठेवलेलं, तसं दुसरं मिळणं शक्यच नव्हतं.

तसं हे एकाएकी झालेलं नव्हतं. वर्षभर तो मंदावत चालला होता. माप घेऊन वहीपर्यंत येईतो आकडा विसरायचा आणि वर गिऱ्हाइकालाच म्हणायचा, “श्वास सोडा हो, माप बदलतंय.” स्वतःच्या शर्टाची बटणं लावताना घामाघूम व्हायचा. एकदा तर एकाच पायात चप्पल घालून दुकानात आला. सगळे हसले, तोही हसला. मी हसले नाही. चप्पल वाटेत निसटली, तरी तळपायाला कळलंच नव्हतं.

दादाला एचआयव्ही आहे. दुकानात हे मला एकटीलाच माहीत. वहिनी कशानं गेली ते त्याला तेव्हाच कळलं होतं, पण स्वतःचं रक्त तपासायला त्यानं सहा वर्षं लावली. का, तर लोक काय म्हणतील! आता चौदा वर्षांत त्याची एक गोळी चुकलेली नाही. त्यामुळे आपण सुटलो, अशीच माझी समजूत होती.

त्याच दुपारी त्याला ओढून डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी टेबलावर आधी मूठ, मग हाताची कड, मग तळवा, असं भराभर ठेवायला सांगितलं. दादाचा हात दुसऱ्याच फेरीत अडखळला. थोड्या वेळापूर्वी सांगितलेले चार शब्द त्यांनी परत विचारले, त्याला दोन आठवले. मग त्या तळपायाशी वाकल्या.

“लागतंय का?”

“टोचा तर खरं, मग सांगतो,” दादा म्हणाला.

टाचणी टोचलेलीच होती.

“मास्तर,” बाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, “गोळ्या छान घेताय, रक्तात विषाणू सापडतही नाही. पण हा विषाणू अंगात शिरला की सुरुवातीलाच मेंदूपर्यंत पोचतो. औषधाशिवाय जी वर्षं गेली, त्यात त्यानं तिथं इजा केलेली असणार. गोळ्या चालू असल्या तरी काहींच्या मेंदूत थोडी सूज राहतेच. पायाच्या नसांनाही त्याचाच फटका बसलेला दिसतोय.”

“म्हणजे वेड लागणार मला?”

“तसं नाही. विचार मंदावलाय, हात मंदावलाय. दुसरं काही कारण आहे का तेही तपासू, गोळ्याही पुन्हा बघू. बऱ्याच जणांचं आहे तिथंच थांबतं. पण घाईचं काम एकट्यानं करू नका.”

परतताना तो रस्त्याच्या कडेला थांबला. मग म्हणाला, “सहा वर्षं.”

मला राग आवरला नाही. “लोकांना घाबरून बसलास. मला तरी सांगायचं होतंस!”

“तुलाच घाबरलो होतो, चिमणे.”

पन्नाशी उलटली तरी मी त्याची चिमणीच आहे. माझं भांडणच संपलं.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तो उरलेलं कापड पसरून बसला होता. तासाभरानं त्यानं मेळ घातला. कॉलर, खिसे आणि आतल्या पट्ट्यांसाठी ठेवलेल्या कापडातून उजवा भाग निघत होता, आणि ते बारीकसारीक सगळं वाया गेलेल्या डाव्यातून. कापायची संधी मात्र एकच. त्यानं कात्री खिळ्यावरून काढली, थोडा वेळ हातात धरली आणि माझ्यापुढे केली.

“मी?”

“मग कोण? माझा हात बघितलास ना काल?” तो खिडकीकडे वळला. “कात्री गेली की मी दुकानात काय उरलो गं? काचेतला पुतळा.”

“पुतळा परवडला. त्याचं माप तरी बदलत नाही.”

तो हसला, आणि मला रडू आलं.

मी कागद ठेवला, खडूनं रेघ मारली. कापड हलू नये म्हणून त्यानं दोन्ही तळवे टेकवून ते दाबून धरलं. मी कात्री उघडली.

“थांब. कागद पालथा घातलास?”

मी पाहिलं. घातला नव्हता.

“नाही.”

“घाल मग,” तो म्हणाला. आवाज चढला नाही. मी रेघ पुसली, कागद पालथा घातला, पुन्हा आखलं आणि कापलं.

शनिवारी मुख्याध्यापिकाबाई कोट घालून समारंभाला गेल्या.

सोमवारी दुकान उघडलं, तर कात्री माझ्या मशीनजवळ ठेवलेली. तेलपाणी झालेलं. अंगठ्याची कडी माझ्या अंगठ्याला मोठी पडत होती, म्हणून त्यानं तिच्यावर उरल्या कापडाची पट्टी गुंडाळून शिवली होती. टाके वाकडे होते, एक लांब, एक आखूड. माझ्या हातून असे पडते तर त्यानं उसवायला लावले असते.

मी ते तसेच राहू दिले.