फोटोसाठी जागा

बटण दाबलं की पडद्यावर विल्मर उगवायचा. पांढराशुभ्र बारोंग सदरा, तेलाने चोपून बसवलेले केस, आणि साऱ्या जगाने आपल्यालाच नवरदेव म्हणून निवडलंय असं ते हसू. खाली सोनेरी अक्षरांत नाव-गाव, 'मास्टर विल्मर, इलोइलो'. मग तो मावळायचा, पडदा काळा व्हायचा आणि काळाच राहायचा.

मायलीन आपल्या छोट्या जेसीला कडेवर घेऊन रांगेतल्या एकेका मशीनचं बटण दाबत गेली. प्रत्येकात थोरला दीर, घरातला 'मानोंग', उगवला, हसला, मावळला.

"मानोंग, सुरू होत नाहीयेत ही."

"हँग होतात का?" खुर्चीत रेलून विल्मरने विचारलं.

"नाही."

"मग? हँग होतात म्हणूनच बोलावलंत ना मला?"

"सुरूच होत नाहीत तर हँग कुठून होणार?"

"तक्रार हँगची होती, इंदाय," 'पोरी' म्हणावं तसं तो म्हणाला. "हँग गेलं."

कॉम्प्युटर-गेमचं हे दुकान मायलीनचं होतं, सासूच्या घराच्या तळमजल्यावरचं. पेटीत पेसोचं नाणं टाकायचं आणि वेळ संपेपर्यंत खेळायचं. नवरा, रोडेल, जहाजावर. मशीनं जुनी, म्हणून तिने त्यांत मेमरीच्या आणखी कांड्या बसवल्या, त्याही जुन्याच, आणि तिथून सगळं बिघडलं. ऐन खेळात पडदा निळा, की पोरं नाण्यांची पेटी बडवायची.

कारण तिने स्वतःच वाचून वाचून शोधलं होतं. मशीनला जाग येताना सगळ्यात आधी बायॉस हा बोर्डातला छोटा प्रोग्राम चालतो, आणि मेमरीने किती घाईने काम करायचं ते तोच ठरवतो. या बोर्डांचा बायॉस नव्या कांड्यांना नको इतकी घाई करत होता. सासू जेसीला लुगाव, म्हणजे तांदळाची पेज, भरवायची ना, अगदी तसं: पहिला घास गिळायच्या आत दुसरा तोंडात. दोन घासांमध्ये जरा थांब, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण ती सेटिंग बनवणाऱ्यांनी दडवलेली. बायॉसची फाइल उघडून आतूनच बदलावी लागणार, आणि चुकलं तर बोर्ड कायमचा मेला. तिचा हात धजेना.

"मानोंगला करू दे," रोडेल फोनवर म्हणाला. "कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपवर सगळे मास्टर म्हणतात त्याला."

त्या ग्रुपवर सगळेच सगळ्यांना मास्टर म्हणत. मायलीनने पाहिलं होतं.

तर मास्टर आले. "तू बाळाला बघ," म्हणून तिला बाहेर काढलं आणि सगळी मशीनं उरकली. कोपऱ्यातलं एक सोडून. त्याच्या टेबलाला जेसीचा झोपाळा बांधलेला होता. "आत्ता कुठे झोपलाय, मानोंग," असं ती कुजबुजली होती. खरं म्हणजे तिला कुठलीच गोष्ट सगळीच्या सगळी कुणाच्या हाती देववत नसे. जेसीला सासूकडे देतानाही ती दारात रेंगाळायची.

तेवढ्यात सासू, सगळ्यांची 'नानाय', खाली आली, चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला जायच्या कपड्यांत, हातात पंखा. विल्मरनेच तिला कौतुक बघायला बोलावलं होतं.

"अगं बाई! माझा तोतो, माझं लेकरू!" नानाय पडद्यांपुढून हरखून फिरली. "लग्नातला ना रे? मारितेसला कापलंस वाटतं?"

"जागा कमी होती, नानाय."

मायलीनने कान टवकारले. बायको कापली. आणखी काय कापलं या माणसाने?

"मानोंग, बायॉसमध्ये फोटोला जागा कुठून काढलीत?"

"आत फालतू सामान असतं गं खूप. नेटवर्कवरून मशीन सुरू करायचा एक जुनाट तुकडा होता, तो उडवला. कोण वापरतं आजकाल?"

"आपण वापरतो." तिचा आवाज इतका शांत होता की जेसीनेही मान वळवून पाहिलं. "यातल्या एकातही डिस्क नाही. सगळी मागच्या खोलीतल्या सर्व्हरकडून, वायरीतून सुरू होतात. मी आधीच सांगितलं होतं."

"डिस्कचं काहीतरी बोलली होतीस खरी." विल्मरने जांभई दिली. "नवीन घालून टाक. तुझा तो सर्व्हरच भंगार आहे."

नानायला यातलं काही कळलं नाही. तिला दाराच्या जाळीला लटकलेली पोरं दिसत होती. "वायरीचं मला समजत नाही, इंदाय. दुकान बंद आहे एवढं समजतं. तू बाळ सांभाळ. मासहून आले की दुकानाची किल्ली तोतोला देऊन टाक."

"तुम्ही येईपर्यंत चालू झालं तर?"

"तर ठेव तुझ्याकडेच."

विल्मर खो खो हसला. "बायॉस म्हणजे पाकिटातल्या पॅन्सिट शेवया नाहीत, इंदाय. गरम पाणी ओतलं आणि झालं!"

दोघं मासला गेल्यावर मायलीन जेसीला झोपाळ्यात ठेवून त्याच्या जवळच्या मशीनशी बसली. त्यातला बायॉस अजून मूळचा होता. तो तिने पेनड्राइव्हवर उतरवला आणि त्यावरच राहिलेली विल्मरची फाइल शेजारी उघडली. मेमरीचे आकडे बरोबर होते. हे तिला कबूल करावं लागलं, आणि त्याचाच राग जास्त आला. काम येत होतं या माणसाला. त्याने फक्त ते आपल्या थोबाडाखाली गाडून टाकलं होतं.

आकडे तिने घेतले, मूळ फाइलमध्ये बसवले, बाकी कशाला हात लावला नाही. मग पहिल्या मशीनमध्ये पेनड्राइव्ह खोचला. आता मध्येच वीज गेली तर बोर्ड गेला. तिने फ्रिज बंद केला, पंखा बंद केला. त्याने काही होत नसतं हे माहीत असूनही. पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. जेसी भोकाड पसरून रडू लागला. आयुष्यात पहिल्यांदा ती लगेच उठली नाही.

मशीन पुन्हा सुरू झालं. विल्मर उगवला नाही. बोर्डाची साधी पांढरी अक्षरं आली, मग विंडोज. तिने जेसीला उचलून छातीशी धरलं, आणि त्याला घेऊनच पुढच्या मशीनकडे वळली. सगळी झाल्यावर जाळी उघडून पोरांना सांगितलं, "आज नाणं नको. जमेल तेवढं झोडपा."

नानाय आणि विल्मर परतले तेव्हा दुकानात कान किटतील असा गोंधळ होता.

"हँग नाही ना होत?" नानायने पोरांना विचारलं.

"लोला, बाजूला व्हा हो, दिसत नाही!" एक पोरगी आजीकडे मान न वळवता ओरडली.

नानाय बाजूला झाली. किल्लीचा विषय तिने काढला नाही. मायलीनने ती तिच्या डोळ्यांदेखत खिशात टाकली.

विल्मरने एका मशीनचा मेनू उघडून पाहिला आणि छाती फुगवली. "माझ्याच आकड्यांवर चालतंय हे!"

"हो मानोंग, आकडे तुमचेच."

"मग निदान नाव तरी ठेवायचंस."

"जागा नव्हती."

नानायने तोंडापुढे पंखा धरला. विल्मर हळूच म्हणाला, "फोटो तरी ठेवलायस ना कुठे?"

"ठेवलाय की, माझ्या फोनमध्ये." मायलीनने वाटीतलं लुगाव ढवळलं. "जेसी जेवेनासा झाला की दाखवते. रडायला तोंड उघडतो, तेवढ्यात घास जातो."